धानाची नावे आणि धानाची अक्षरे

रायपूर शहराच्या पूर्वभागात शंकर नगर नावाची वस्ती आहे. सरकारी बंगले, शिक्षणसंस्था आणि दूरदर्शनचे केंद्र यांमुळे ती शहरातील परिचित वस्त्यांपैकी एक गणली जाते. तेथून पूर्वेकडे काही किलोमीटर गेले म्हणजे लाभांडी आणि जोरा यांच्या बाजूला कृषकनगर लागते. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ तेथे आहे, आणि त्या विद्यापीठाच्या संग्रहात धानाच्या बियाण्याचे २३,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत. मूठभर दाणे, त्यांवर एक क्रमांक आणि नोंदवहीत एक ओळ, एवढेच प्रत्येक नमुन्याचे बाह्य रूप. या दाण्यांच्या पोटात एक मजकूर लिहिलेला आहे, तो वाचता येतो, आणि वाचणाराच्या हाती त्यामुळे काही सत्ता येते, ही गोष्ट मनुष्यास कळून फार वर्षे लोटलेली नाहीत. तो मजकूर काय आहे, तो वाचण्याची रीत कशी सिद्ध झाली, आणि त्या वाचनाचा रायपूरच्या या दाण्यांशी कोणता संबंध पोहोचतो, याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

छत्तीसगढच्या मैदानास धानाचा कटोरा म्हणतात. मराठी माणसास हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे आली. बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून १७५८ ते १७८७ पर्यंत या प्रांताचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतर १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर हीच होती. भाषेची सीमा ओलांडली तरी पिकाची सीमा येत नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे पूर्व विदर्भाचे जिल्हे आणि छत्तीसगढ मिळून धानाचा एकच सलग प्रदेश होतो. कोकणात ज्यास भात म्हणतात त्यास या प्रदेशात धान म्हणतात, आणि धानाच्या प्रत्येक जातीस पुन्हा निराळे नाव असते. दुबराज, विष्णुभोग, बादशहाभोग, जिराफूल, सफरी, चिन्नोर. कोणते नाव सुगंधावरून पडले, कोणते दाण्याच्या आकारावरून, तर कोणते देवाच्या नैवेद्यावरून. ही नावे म्हणजे शेतकऱ्यांनी अनेक पिढ्या चालविलेल्या निवडीची सूचीच होय.

ही सूची कागदावर उतरविण्याचे आणि नावामागचे बी गोळा करण्याचे मोठे कार्य डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया यांच्या हातून झाले. १९५९ ते १९६६ या काळात ते कटक येथील केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक होते. भारतातील धानांवर त्यांनी एस. गोविंदस्वामी यांच्यासमवेत लिहिलेला ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेने आय. आर. ८ हे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण जगापुढे आणले, आणि आशियाच्या शेतीस नवे वळण लागले. बाहेरून आलेले थोडेसे वाण सर्वत्र पसरल्यास देशी वाणांचे भांडार ओस पडेल आणि रोगराईही वाढेल, अशी रिछारिया यांची धारणा होती. ती त्यांनी निर्भयपणे मांडली, आणि वरिष्ठांशी त्यांचा तीव्र मतभेद होऊन कटकचे पद त्यांस सोडावे लागले. पुढे १९७० नंतरच्या दशकात रायपूर येथील मध्य प्रदेश तांदूळ संशोधन संस्थेच्या द्वारे त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून धानाचे नमुने जमविले. त्यांची संख्या सुमारे १९,००० पर्यंत गेली. ती संस्था फार वर्षे चालली नाही, परंतु संग्रह टिकला. १९८७ मध्ये रायपुरास स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि संग्रह त्याच्या ताब्यात आला. रिछारिया १९९६ मध्ये निवर्तले.

ज्याने कधी सरकारी दप्तर हाताळले आहे त्यास अशा संग्रहातील मुख्य अडचण तत्काळ ध्यानात येईल. ती अडचण नावांची. एकाच नावाचे धान दोन गावांत दोन प्रकारचे असू शकते. उलटपक्षी एकच धान दोन जिल्ह्यांत दोन नावांनी नांदत असते. उंची, पिकण्याचे दिवस, दाण्याची लांबी, तुसाचा रंग ही लक्षणे नोंदविता येतात. तथापि पाऊस, माती आणि खत यांप्रमाणे त्यांपैकी काही बदलतात. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, दुबराजास दुबराजपण देणारी, पाऊसपाण्याने न बदलणारी अशी एखादी खूण बियाण्यातच आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. १८६६ मध्ये ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून असे दाखविले की, गुण हे दूधपाण्यासारखे मिसळून जात नाहीत. ते सुट्या घटकांच्या रूपाने एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरतात. या घटकांस पुढे जनुक हे नाव मिळाले. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर यांनी पेशीच्या केंद्रकातून एक आम्लधर्मी द्रव्य वेगळे केले. तेच डीएनए. हे द्रव्य आनुवंशिकतेचे वाहक आहे याचा सबळ पुरावा १९४४ मध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. १९५३ मध्ये रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा आधार घेऊन जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी त्याची दुहेरी पिळाची रचना मांडली. या पिळाच्या दोन दोऱ्यांवर चार प्रकारची द्रव्ये ओळीने बसविलेली असतात: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. त्यांस सोयीसाठी अ, थ, ग, स अशी चार अक्षरे मानावी. अ च्या समोर थ आणि ग च्या समोर स, असा त्यांचा अढळ नियम आहे. म्हणून एक दोरा हाती असला की दुसरा त्यावरून लिहिता येतो. पेशी दुभंगते तेव्हा मजकुराची नक्कल होते ती याच नियमाने.

चार अक्षरांचा हा मजकूर काय सांगतो, हे उलगडण्याच्या कामात हरगोविंद खुराना यांचा वाटा थोर आहे. त्यांच्या जन्मगावाचे नाव रायपूरच. मात्र ते छत्तीसगढचे नव्हे, तर पूर्वीच्या मुलतान जिल्ह्यातील, आता पाकिस्तानात असलेले एक लहानसे खेडे. त्यांचे वडील तेथे पटवारी होते. गावच्या जमिनीची नोंद ठेवणाराच्या मुलाने सजीवांच्या नोंदवहीची लिपी उलगडावी, हा योगायोग मनोहर खरा. खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांस १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या व इतरांच्या कार्याने असे सिद्ध झाले की, मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. चार अक्षरांतून असे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द वीस अमिनो आम्लांची नावे सांगतात आणि तीन शब्द पूर्णविरामाचे काम करतात. अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन, आणि प्रथिने म्हणजे पेशीतील कारागीर. एका कारागिराच्या घडणीची कृती सांगणारा मजकुराचा तुकडा तो सर्वसामान्यपणे जनुक. आणि एखाद्या सजीवाचा समग्र मजकूर, त्यातील जनुके आणि त्यांच्या मधला इतर भाग धरून, तो त्याचा जनुकसंच, म्हणजेच जीनोम.

लिपी कळली तरी ग्रंथ वाचता येतोच असे नाही. डीएनएच्या दोऱ्यावरील अक्षरे क्रमाने वाचण्याची सुलभ रीत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. तिचे मर्म असे: दोऱ्याची नक्कल करावयास लावावयाचे, आणि त्या नकलेत अशी काही अक्षरे मिसळावयाची की ती जोडली गेली म्हणजे नक्कल तेथेच खुंटावी. मग निरनिराळ्या लांबीचे तुकडे मिळतात. लांबीच्या क्रमाने ते लावले आणि प्रत्येक तुकड्याचे शेवटचे अक्षर पाहिले की मूळ दोऱ्याचा क्रम हाती येतो. त्याच वर्षी सँगर यांच्या प्रयोगशाळेने एका सूक्ष्म विषाणूचा सुमारे ५,४०० अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. परंतु या रीतीने एका वेळी काही शेच अक्षरे वाचता येत, आणि धानाच्या जनुकसंचात तर सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरे आहेत. एका पानावर दोन हजार अक्षरे आणि एका खंडात पाचशे पाने धरली, तर एकट्या धानाचे ३८९ खंड भरतील.

म्हणून मोठा मजकूर वाचण्याची युक्ती निराळी करावी लागते. एका पोथीच्या अनेक प्रती घेऊन प्रत्येक प्रत वेगवेगळ्या ठिकाणी फाडावी, प्रत्येक चिठोऱ्यावरील अक्षरे वाचावी, आणि एका चिठोऱ्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळतो तेथे ती दोन्ही एकमेकांस जोडीत जावे. असे केले म्हणजे अखेर पूर्ण पोथी उभी राहते. प्रती अनेक असल्यामुळे प्रत्येक अक्षर अनेक वेळा वाचले जाते आणि वाचनातील चुका उघड होतात. मात्र एकच ओळ पोथीत पुनःपुन्हा आली असेल, तर चिठोरा नेमका कोठला हे ठरविणे कठीण होते. आणि वनस्पतींच्या जनुकसंचात अशी पुनरुक्ती विपुल असते. लक्षावधी चिठोऱ्यांचे हे काम मनुष्याच्या आवाक्यातील नव्हे. येथे संगणक आला, आणि त्याबरोबर जैवमाहितीशास्त्र ही नवी विद्याशाखा आली.

या विद्येचा मूळ विचार मराठी वाचकास अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभिले. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून ते पुढे नेले, आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या हस्तलिखितांतील श्लोक एकाखाली एक मांडावयाचे, कोठे शब्द बदलला आहे, कोठे गळला आहे, कोठे नवा घुसला आहे, हे टिपावयाचे, आणि समान पाठांवरून व समान चुकांवरून हस्तलिखितांची कुळे ठरवावयाची, अशी ती पद्धती होती. एकाच चुकीची दोन हस्तलिखिते बहुधा एकाच मातृकेवरून उतरलेली असतात. डीएनएच्या बाबतीत न्याय हाच. दोन वाणांत एकाच जागी एकच विरळा बदल आढळला, तर त्यांचा पूर्वज एक असण्याचा संभव असतो. आणि असे अनेक बदल एकत्र पाहिले म्हणजे वाणांचा वंशवृक्ष काढता येतो.

मजकूर एकाखाली एक मांडण्याची गणिती रीत १९७० मध्ये सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी दिली. ती एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वाणात अ-ग-स-थ-ग अशी पाच अक्षरे आहेत आणि दुसऱ्यात अ-ग-थ-ग अशी चार. जुळणाऱ्या अक्षरास एक गुण द्यावा. न जुळणाऱ्या अक्षरास अथवा रिकाम्या जागेस एक गुण कापावा. दोन्ही ओळी आरंभापासून सरळ मांडल्या तर पहिली दोन अक्षरे जुळतात, पुढली दोन जुळत नाहीत आणि शेवटी एक जागा रिकामी राहते. बेरीज उणे एक. परंतु दुसऱ्या ओळीत स च्या खाली जागा रिकामी सोडली, तर चार अक्षरे जुळतात आणि एकच गुण कापला जातो, बेरीज तीन. अर्थात दुसऱ्या ओळीतून स गळला असावा, हा तर्क अधिक संभवनीय ठरतो. पाच अक्षरांत हे डोळ्यांनी दिसते. पाच लक्ष अक्षरांत सर्व मांडण्या तपासणे केवळ अशक्य. नीडलमन आणि वुन्श यांच्या रीतीत लहान तुकड्यांचे उत्तर जपून ठेवून त्यावरून मोठ्याचे उत्तर काढले जाते, आणि म्हणून सर्वोत्तम मांडणी मोजक्या श्रमात सापडते.

मांडणी करावयाची तर आधी मजकूर एका ठिकाणी जमला पाहिजे. हे कार्य अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी आरंभिले. १९६५ मध्ये त्यांनी तेव्हा ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांची सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये अमेरिकेत जेनबँक ही डीएनए-अक्षरांची सार्वजनिक पेढी सुरू झाली, आणि युरोप व जपान येथेही तशाच पेढ्या निघाल्या. १९९० मध्ये ब्लास्ट नावाची संगणक-योजना निघाली. नवा तुकडा हाती आला की पेढीतील सर्व मजकुरांत त्याच्याशी साम्य असलेले तुकडे ती अल्पकाळात शोधून देते, आणि ते साम्य केवळ योगायोगाने येण्याचा संभव किती, हेही सांगते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार आहे. मोठ्या दप्तरात शोधले तर कोणतीही लहान ओळ कोठे तरी सापडतेच. तेवढ्यावरून नाते ठरविणे हा न्याय नव्हे. भारताने या क्षेत्रात पाऊल टाकण्यास विलंब लावला नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्येच जैवमाहिती-केंद्रांचे जाळे विणण्यास आरंभ केला, आणि पुणे विद्यापीठातील केंद्र त्यांतील आद्य केंद्रांपैकी होते. २०२२ मध्ये फरीदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्रही सुरू झाले.

धानाच्या वाचनाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम जपानच्या पुढाकाराने १९९८ मध्ये सुरू झाला. गहू, मका यांच्या मानाने धानाचा जनुकसंच लहान, म्हणून तृणधान्यांत प्रथम निवड त्याची झाली. त्यासाठी निप्पोनबारे हे जपानी वाण घेण्यात आले. बारा गुणसूत्रे निरनिराळ्या देशांनी वाटून घेतली, आणि अकराव्या गुणसूत्राचा एक भाग भारताकडे आला. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेतील वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी ते काम केले. २००५ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण वाचन प्रसिद्ध झाले. त्यात जनुकांची संख्या ३७,५४४ अशी अंदाजिली होती. हे सर्व वाचन प्रथमपासून सर्वांस खुले ठेवण्यात आले होते.

परंतु त्यापूर्वी, २००२ च्या एप्रिलमध्ये, धानाचे दोन कच्चे मसुदे एकाच वेळी प्रसिद्ध झाले होते. एक चीनमधील शास्त्रज्ञांचा, भारतीय उपजातीच्या धानाचा; दुसरा सिंजेंटा या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा, निप्पोनबारेचा. चीनचा मसुदा सार्वजनिक पेढीत जमा झाला. कंपनीने आपला मसुदा स्वतःपाशी ठेवून अटींवर पाहावयास दिला, आणि शास्त्रीय जगात त्यावरून वाद माजला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच कंपनीचे नाव रायपुरात गाजू लागले. येथील कृषी विद्यापीठ आणि सिंजेंटा यांच्यामधील सहकार्य-करारात रिछारिया यांच्या काळापासूनचा धानसंग्रह कंपनीच्या उपयोगास मिळणार, अशी वार्ता पसरली. शेतकरी, कार्यकर्ते आणि संशोधक यांनी कडाडून विरोध केला, आणि २००२ च्या डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. सहकार्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की, नमुने नुसते कोंडून ठेवून कोणाचेच हित होत नाही. त्यांचा उपयोग करण्यास पैसा आणि यंत्रे लागतात. विरोधकांचे म्हणणे असे की, ज्यांनी हे वाण घडविले त्यांस न विचारता त्यांचा सौदा करण्याचा अधिकार कोणासही नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते; म्हणूनच हा प्रश्न त्या डिसेंबरात संपला नाही.

दाण्यातील अक्षरांची किंमत केवढी, हे तीन उदाहरणांवरून कळून येईल. आय. आर. ८ या वाणाचा बुटकेपणा ज्या जनुकामुळे आला, ते २००२ मध्ये ओळखले गेले. रोपाची उंची वाढविणाऱ्या संप्रेरकाच्या घडणीशी त्याचा संबंध असून, त्यातील ३८३ अक्षरांचा तुकडा गळलेला आहे. आशियाच्या कोट्यवधी एकर शेतीचे रूप पालटविणारा गुण मजकुराच्या एका त्रुटीत होता! दुसरे उदाहरण सुगंधाचे. २००५ मध्ये असे आढळले की, जगातील अनेक सुगंधी वाणांत आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील आठ अक्षरे नाहीशी झालेली आहेत. त्यामुळे एक प्रथिन निकामी होते आणि सुगंधी द्रव्य दाण्यात साठते. तिसरे उदाहरण ओडिशाचे. तेथील ढालपुट्टिया या देशी धानापासून निवडलेले एफ. आर. १३ ए हे वाण पुराच्या पाण्याखाली बुडूनही तग धरते. त्याचे कारण असलेले सब-१ ए हे जनुक २००६ मध्ये हाती लागले. स्वर्णा हे छत्तीसगढातही लोकप्रिय असलेले वाण त्याच्याशी संकरित करण्यात आले. प्रत्येक पिढीत रोपे पाण्यात बुडवून न पाहता, त्यांची अक्षरे तपासून इष्ट तेवढी पुढे चालविण्यात आली, आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब-१ भारतीय शेतकऱ्यास मिळाले. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ते उभे राहते. ढालपुट्टियाचे बी कोणी जपले नसते, तर सर्व संगणक मिळूनही हे जनुक कोठून आणणार होते?

अक्षरे वाचणारी यंत्रे आता अतिशय वेगवान झाली आहेत. २०१४ मध्ये ८९ देशांतील ३,००० धानांचे वाचन एकाच वेळी प्रसिद्ध झाले, आणि निप्पोनबारेशी ताडून पाहता त्यांत एकेका अक्षराच्या बदलाच्या सुमारे १ कोटी ८९ लक्ष जागा आढळल्या. रायपूरच्या २३,००० नमुन्यांचे असे वाचन केले, तर वर सांगितलेल्या हिशेबाने सुमारे नव्वद लक्ष खंड होतील. त्यावरून कोणती दोन नावे एकाच धानाची आहेत आणि कोणत्या एका नावाखाली अनेक धाने दडली आहेत, हे उमगेल. परंतु एक मर्यादा विसरता कामा नये. अक्षरांचा बदल आणि शेतातील गुण यांची सांगड घालावयाची, तर गुणाची नोंदही तितकीच चोख पाहिजे. कोणते धान कोणत्या जमिनीत किती दिवसांत आले, दुष्काळात कसे टिकले, कोणत्या किडीस बळी पडले, ही माहिती यंत्र देत नाही. ती शेतात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वहीत असते. आणि सांगड बसल्यासारखी दिसली तरी ती कार्यकारणाची आहे की केवळ सोबतीची, हे पुन्हा शेतातच पडताळून पाहावे लागते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. शालेय शिक्षण अगदी अल्प आणि जमीन थोडी. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांस इतरांहून निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, त्यांचे बी पेरले, पुन्हा निवडले. त्यातून जे बारीक दाण्याचे वाण निघाले, त्यास व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या प्रसिद्ध घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हटले, आणि त्याच नावाने ते दूरदूरच्या प्रांतांत गेले. दाण्यातील अक्षर बदलले होते. वाचणारा डोळा एका शेतकऱ्याचा होता. त्यांच्या कर्तृत्वाचा राष्ट्रीय स्तरावर गौरव झाला. तथापि वाणाच्या कीर्तीच्या प्रमाणात त्यांची स्थिती सुधारली नाही, आणि २०१८ च्या जून महिन्यात ते निवर्तले.

अशा माणसांचे काही देणे समाज लागतो, हे तत्त्व आता कायद्याने मानले आहे. २००१ च्या वनस्पती-वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपले वाण नोंदविण्याचा, आणि बी राखण्याचा, पेरण्याचा व अदलाबदल करण्याचा हक्क दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने देशातील जैविक संपत्ती वापरणारावर परवानगीचे आणि लाभ वाटून देण्याचे बंधन घातले. परंतु विज्ञान कायद्याच्या पुढे धावते. हे नियम प्रथम केले तेव्हा बी देशाबाहेर न्यावयाचे तर पिशवी न्यावी लागे, आणि पिशवी नाक्यावर तपासता येई. अक्षरांस नाका नाही. एकदा मजकूर पेढीत जमा झाला की पृथ्वीच्या कोणत्याही टोकाला बसून तो वाचता येतो. दाणा हलतही नाही. पेढी बंद करावी तर सर्वांचे ज्ञान खुंटते, आणि गरीब देशांतील संशोधकच प्रथम वंचित होतात. पेढी खुली ठेवावी तर ज्याच्या शेतातून दाणा आला त्याच्या पदरी काही पडत नाही. या पेचावर जगातील राष्ट्रांनी २०२२ मध्ये माँट्रिऑल येथे चर्चा करून लाभाच्या वाटपासाठी सामायिक व्यवस्थेचे तत्त्व मान्य केले. २०२४ मध्ये कोलंबियातील काली शहरी तिची रूपरेषा ठरली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत काली निधी स्थापन झाला. अशा मजकुरातून नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी त्यात आपला भाग घालावा, अशी अपेक्षा आहे. ती सक्ती नव्हे. म्हणून निधीचे यश अद्याप ठरावयाचे आहे.

दरम्यान रायपूरच्या संग्रहाचे रोजचे काम चालू ठेवावे लागते. बी थंडीत ठेवले तरी अमर नसते. काही वर्षांनी ते जमिनीत घालावे लागते, उगवून आले म्हणजे नवे बी काढून पुन्हा वाळवावे लागते, आणि एका वाणाचा दाणा दुसऱ्यात मिसळणार नाही, याची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी लागते. एका वर्षीची हयगय एका वाणाचा वंश संपविण्यास पुरेशी होते. संगणकातील मजकूर त्यानंतरही राहील. परंतु त्या मजकुरावरून दुबराजाचे रोप उगवून आणण्याची विद्या मनुष्यास अद्याप साधलेली नाही. पोथीची नक्कल हाती आली म्हणून मूळ पोथी कसरीच्या स्वाधीन करणारा ग्रंथपाल शहाणा म्हणविला जाणार नाही. अक्षरे वाचणारे शास्त्र जसजसे प्रगत होईल, तसतसे दाणा जपणाऱ्या हाताचे मोल वाढतच जाईल. आणि नोंदवहीतील गावाचे नाव पुसले जाऊ न देणे हे त्या हाताइतकेच महत्त्वाचे कर्तव्य ठरेल. कारण त्या एका नावावरच, पुढे केव्हा तरी, कोणाचे देणे कोणास द्यावयाचे, याचा निवाडा होणार आहे.